मतयादीबाहेरचे गुरुजी

शिक्षण खात्यात काम केलेल्या माणसाने राजकारणात उतरणे महाराष्ट्राला नवे नाही. राजाराम महाविद्यालयातील प्राध्यापक आणि पुढे कोल्हापूर संस्थानचे शिक्षण निरीक्षक असलेले अण्णासाहेब लठ्ठे १९३७ मध्ये बाळासाहेब खेरांच्या मंत्रिमंडळात अर्थमंत्री झाले. आजच्या शासकीय अधिकाऱ्याला सेवेत असताना निवडणूक लढवता येत नाही. परंतु राजीनाम्यानंतर किंवा निवृत्तीनंतर विधानपरिषदेचा शिक्षक मतदारसंघ त्याला जवळचा वाटणे स्वाभाविक आहे. तेथे उमेदवार शिक्षकच असला पाहिजे, अशी अटही नाही. मद्रासच्या पदवीधर मतदारसंघाविषयीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७२ मध्ये उमेदवार पदवीधर असण्याची गरज नाही असे ठरवले आणि तोच न्याय येथेही लागू पडतो.

खरा अन्याय मतदारांच्या यादीत आहे. राज्यघटनेच्या अनुच्छेद १७१ नुसार या मतदारसंघात मत देण्याचा अधिकार माध्यमिक किंवा त्यावरील दर्जाच्या संस्थेत किमान तीन वर्षे शिकवणाऱ्यांनाच आहे. त्यामुळे पुणे, सातारा, सांगली, सोलापूर व कोल्हापूर या पाच जिल्ह्यांच्या पुणे विभाग मतदारसंघात मंचर किंवा नारायणगाव येथील माध्यमिक शिक्षकाला मत आहे, तर जुन्नरच्या पश्चिमेस नाणेघाटालगतच्या घाटघरात किंवा आंबेगावातील आहुप्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत मुलांना पहिली अक्षरे गिरवायला लावणाऱ्या गुरुजींना ते नाही. पदवी असेल तर ते पदवीधर म्हणून मत देऊ शकतात, शिक्षक म्हणून नव्हे. विशेष खटकणारी गोष्ट अशी की, हजेरीपट आणि पोषण आहाराच्या नोंदी सांभाळून प्राथमिक शिक्षकाकडेच अनेकदा मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याचे, म्हणजे गावाची मतदारयादी अद्ययावत ठेवण्याचे, काम दिले जाते. भर पावसात वाडीवस्तीवर जाऊन नव्या मतदाराचा नमुना ६ तो भरून घेतो, पण शिक्षक मतदाराचा नमुना १९ त्याला स्वतःसाठी भरता येत नाही.

केंद्रप्रमुख, म्हणजे काही शाळांच्या गटाचा पर्यवेक्षक, विस्तार अधिकारी आणि गटशिक्षणाधिकारी ही साखळी प्राथमिक शाळांच्याच आधाराने उभी असल्यामुळे या खात्यातून आलेल्या उमेदवाराने प्रचाराला आरंभ घाटघर-आहुप्यापासून करावा, जरी तेथून त्याला शिक्षकाचे एकही मत मिळणार नसले तरी. अनुच्छेद १७१ मधील ही अट बदलणे संसदेच्या हाती आहे. तशी शिफारस करणारा ठराव विधानपरिषदेत मांडण्याचे वचन त्याने जाहीरनाम्यात पहिल्याच ओळीत द्यावे.