धूळ फोटोत हवी, कॅमेऱ्यात नको

कॅमेऱ्याची काळजी कशी घ्यावी यावर लिहिलेलं काहीही वाचा, निम्मं पावसावर असतं. रेनकव्हर घ्या, छत्री ठेवा, सिलिका जेल ठेवा... जतच्या माणसाने हे वाचून करायचं काय? आमच्याकडे पाऊस दिसला तर लोक कॅमेरा झाकत नाहीत, बाहेर काढतात!

गंमत म्हणजे आमच्याच सांगली जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला, शिराळ्यात, चांदोलीला, हा सल्ला अगदी बरोबर आहे. तिथे पावसाळ्यात लेन्सवर बुरशी धरते. पूर्वेला जत पर्जन्यछायेत. इथला शत्रू धूळ आणि ऊन.

आता अडचण अशी की इथला चांगला फोटो त्या धुळीतच असतो. संध्याकाळी मेंढरांचा कळप माळावरून परततोय, मागून ऊन आणि पायांखालची धूळ सोन्यासारखी. यल्लमा देवीच्या यात्रेत जनावरांच्या बाजारात तेच. धूळ टाळायची म्हणून घरी बसलात तर फोटोही घरीच राहिला.

म्हणून माझं मत सरळ आहे. माळावर लेन्स बदलायची नाही. कोणती लागणार ते घरी ठरवा, लावा आणि निघा. 'वेदर सील्ड' बॉडीवर पैसे घातलेले मित्र इथे हसतात, पण लेन्स काढली की ते सील कुठलं हो? बदलावीच लागली तर गाडीत काचा बंद करून, पंखा बंद ठेवून, कॅमेऱ्याचं तोंड खाली धरून. सेन्सर आपोआप झटकण्याची सोय ऑलिंपसने २००३ सालीच ई-१ मध्ये आणली, आता ती बऱ्याच कॅमेऱ्यांत असते. पण चिकटलेला कण तिने निघेलच असं नाही.

भंडाऱ्याची गोष्ट वेगळी. आरेवाडीच्या बिरोबाला किंवा सोमवतीला जेजुरीला जाणार असाल तर हे लक्षात ठेवा: हळदीत तेलाचा अंश असतो. रुमालाने पुसली की ती काचेवर पसरते. आधी रबरी फुग्याने हवा मारायची, मग मऊ ब्रश, कापड सगळ्यात शेवटी. तोंडाने फुंकर तर नकोच, थुंकी उडते. दुधाच्या पिशवीसारखी जाड प्लास्टिकची पिशवी, लेन्सपुरतं भोक आणि एक रबरबँड, एवढ्यात यात्रा निभावते. काचेवर साधा फिल्टर असला की ओरखडा त्याच्यावर पडतो.

उन्हाचं म्हणाल तर बहुतेक कॅमेऱ्यांच्या पुस्तिकेत ४० अंशांपर्यंतच वापरा असं लिहिलेलं असतं. मे महिन्यात बंद गाडीत ठेवलेली बॅग त्याच्या कितीतरी पुढे जाते. बॅग सीटखाली, वर पांढरं ओलसर फडकं, पण बॅगेला पाणी लागता कामा नये.

हे सगळं हौशी माणसाला ठीक आहे हो. माझ्या डोळ्यासमोर असतो तो तालुक्यातला लग्नाचे फोटो काढणारा पोरगा. एकच बॉडी, तीही हप्त्यावर. उन्हाळ्यातले मुहूर्त, उघड्यावरचा मांडव, अंगावर उडणारी हळद. सेन्सरवर डाग पडला तर दुरुस्तीसाठी मोठं शहर गाठायचं, आणि तोवरच्या सुपाऱ्या दुसऱ्याला. अशा पोराला महागड्या बॅगेची जाहिरात दाखवण्यापेक्षा कुणीतरी कॅमेऱ्याचा विमा काढायला सांगावं. मी तरी भेटेल त्याला सांगतो. पैकी एकाने काढला. बाकीचे म्हणतात, पुढच्या सीझनला बघू.