खूण न केलेली यादी

अमेरिकेतील बेसबॉलच्या जुन्या कार्डांच्या बाजारात एक वस्तू अशी आहे, की साहित्याच्या अध्यापकांनी तिचा विचार अवश्य करावा. ती म्हणजे ‘चेकलिस्ट’. टॉप्स ही न्यूयॉर्कची कंपनी च्युइंग गमच्या पुडीत खेळाडूंच्या चित्रांची कार्डे घालून विकीत असे. त्या वर्षीच्या संचात कोणकोणती कार्डे आहेत याची यादी छापलेली काही कार्डेही त्यांत असत आणि प्रत्येक नावाशेजारी एक लहानसा रिकामा चौकोन असे. जे कार्ड मिळाले त्याच्या चौकोनात मुलाने खूण करावी आणि राहिलेल्यांचा शोध घ्यावा, असा त्यामागचा हेतू. आज ज्या यादीवर मुलांनी खुणा केल्या, तिला फारसे मोल नाही. कोरी राहिलेली यादी मात्र महाग. ज्या कामासाठी ती छापली ते काम तिने कधी केले नाही, हाच तिचा गुण ठरला.

आम्हां दोघांपैकी एकाच्या मावसभावामुळे हा विषय आमच्यापर्यंत पोहोचला. त्याचे बालपण न्यू जर्सीत गेले. १९८०च्या दशकात त्याने खाऊच्या पैशांतून कार्डे जमवली, पुढे कॉलेज, नोकरी, संसार यांत ती विसरला आणि २०२०च्या टाळेबंदीत आईवडिलांच्या घरातील खोकी उघडून पुन्हा त्या छंदाकडे वळला. अशा परतून आलेल्या संग्राहकांची तिकडे त्या काळात एवढी गर्दी झाली, की मार्च २०२१मध्ये कार्डांना दर्जा देणाऱ्या सर्वांत मोठ्या कंपनीला साचलेल्या कामामुळे बहुतेक सेवांसाठी नवी कार्डे स्वीकारणे काही काळ थांबवावे लागले.

परतणाऱ्याच्या वाट्याला पहिला येतो तो अपेक्षाभंग. मावसभावाची कार्डे उत्तम स्थितीत होती, आणि नेमकी म्हणूनच त्यांना गिऱ्हाईक नव्हते. जुनी कार्डे मौल्यवान झाली, कारण मुलांनी ती सायकलच्या आऱ्यांत अडकवली, रबरबँडने बांधून खिशात कोंबली आणि आयांनी घर आवरताना फेकून दिली. एवढेच नव्हे, तर १९५२च्या संचातील न खपलेली खोकी १९६०मध्ये पडावात घालून अटलांटिक समुद्रात बुडवल्याचे टॉप्सचे साय बर्जर यांनीच सांगितले आहे. जे नष्ट झाले त्यामुळे उरलेल्याला किंमत आली. १९८०च्या दशकात या किमतींचा गवगवा झाला, तेव्हा कंपन्यांनी अमाप छापले आणि लोकांनी सारे काळजीपूर्वक जपले. सर्वांनीच जपल्यामुळे ते कवडीमोल झाले. मग मावसभाऊ आपल्या बालपणाच्याही मागे गेला आणि १९५०च्या दशकातील कार्डे विकत घेऊ लागला. स्वतःच्या आठवणी विकल्या जात नाहीत म्हणून दुसऱ्याच्या घ्यायच्या, असा हा प्रकार आहे, असे आम्ही त्याला म्हणालो. त्याला ते फारसे आवडले नाही.

आता ग्रेडिंगविषयी. पूर्वी कार्डाची अवस्था शब्दांत सांगितली जाई: पुअर, गुड, व्हेरी गुड, एक्सलंट, मिंट. विकणाऱ्याचे ‘एक्सलंट’ घेणाऱ्याला ‘गुड’ वाटे आणि वाद होई. शिवाय लबाडी होतीच. झिजलेले कोपरे टोकदार दिसावेत म्हणून कार्डाच्या कडा कातरणे, उडालेला रंग भरणे, घडी दाबून नाहीशी करणे हे उद्योग जुनेच. १९९१मध्ये पीएसए ही कंपनी निघाली. कार्ड तिच्याकडे पाठवायचे. तिचे तज्ज्ञ कोपरे, कडा, पृष्ठभाग आणि चारही बाजूंचे समास तपासून १ ते १० यांमधला अंक देतात आणि कार्ड कठीण प्लास्टिकच्या पेटीत कायमचे सीलबंद करून परत पाठवतात. या पेटीला ‘स्लॅब’ म्हणतात. पुढे इंटरनेटवरून, न पाहिलेल्या माणसाकडून, न हाताळलेले कार्ड घेण्याचे दिवस आले, तेव्हा अंकावाचून व्यवहार होणे कठीण झाले. याची उपयुक्तता आम्ही नाकारीत नाही.

मौज अशी, की अंकांनी शब्दांना हटवले नाही, त्यांना आपल्या चाकरीला ठेवले. या मोजपट्टीत ‘गुड’ म्हणजे दहांपैकी दोन. ‘व्हेरी गुड’ म्हणजे तीन. ‘एक्सलंट’ म्हणजे जेमतेम पाच! पुस्तकपरीक्षणांत ‘उल्लेखनीय’ आणि ‘लक्षणीय’ या विशेषणांचे आपण जे करून ठेवले आहे, ते पाहता आम्हांला हसण्याचा अधिकार नाही.

पीएसएने दर्जा दिलेले पहिलेच कार्ड होनस वॅग्नर या खेळाडूचे होते. अमेरिकन टोबॅको कंपनीने १९०९ ते १९११ या काळात सिगारेटच्या पाकिटांतून वाटलेल्या संचातील हे कार्ड. वॅग्नरने आपले चित्र छापण्यास हरकत घेतली. कोणी म्हणते मुलांना तंबाखूचा नाद लागू नये म्हणून, कोणी म्हणते मोबदल्यासाठी. छपाई लवकर थांबली आणि कार्ड दुर्मिळ झाले. हॉकीपटू वेन ग्रेट्झ्की आणि ब्रूस मॅकनॉल यांनी त्याची एक प्रत १९९१मध्ये ४,५१,००० डॉलरला घेतली. तिला आठ अंक मिळाले. २००७मध्ये तीच प्रत २८ लाख डॉलरला विकली गेली. आणि २०१३मध्ये लिलावाचा व्यवसाय करणारे बिल मास्ट्रो यांनी फसवणुकीच्या खटल्यात कबूल केले, की ती प्रत विकण्यापूर्वी आपण तिच्या कडा कातरल्या होत्या. ज्या लबाडीला आळा घालण्यासाठी ग्रेडिंग आले, ती लबाडी पहिल्याच सीलबंद पेटीत जाऊन बसली होती.

आम्ही हे छद्मीपणाने लिहीत नाही. गेली कित्येक वर्षे उत्तरपत्रिका तपासताना आम्हीही अंक देत आलो आहोत. तिकडे मनासारखा अंक आला नाही, तर पेटी फोडून कार्ड पुन्हा पाठवण्याची रीत आहे, आणि तेच कार्ड कधी एक अंक वर चढते, कधी खाली उतरते. पुनर्मूल्यांकनाच्या गठ्ठ्यांशी ज्यांचा परिचय आहे त्यांना यात नवल वाटणार नाही. नवल आहे ते पुढच्या गोष्टीचे. आठ आणि नऊ यांत भिंगातून दिसेल एवढा फरक. किमतीत मात्र तो कित्येक पट होतो. एकूणसाठ आणि साठ टक्क्यांमधील फरक नोकरीच्या अर्जावर असाच होतो, आणि त्या एका गुणाचे उत्तर आमच्यापैकी कोणी दिलेले आम्हांला आठवत नाही.

आमचा मूळ आक्षेप अंकाच्या चुकण्यावर नाही. अंक अगदी अचूक असला, तरी तो वस्तूला कोणी हात लावला नाही याची पावती असतो. कार्डाचे जेवढे वाचन झाले तेवढे त्याचे मोल उतरते. सिरॅक्यूसचे जेफरसन बर्डिक यांनी आयुष्यभर अशी कार्डे जमवली, त्यांची सूची रचली. वॅग्नरच्या संचाला आज ज्या ‘टी २०६’ या नावाने ओळखतात ते त्यांच्याच सूचीतले. दात्यांच्या ग्रंथसूचीवाचून आपले जसे पान हलत नाही, तसे तिकडच्या संग्राहकांचे बर्डिक यांच्यावाचून. तीन लाखांहून अधिक कार्डे आणि छापील कागद त्यांनी न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाला दिले आणि संधिवाताने वाकड्या झालेल्या हातांनी ते स्वतः आल्बमांत डकवले. १९६३मध्ये हे काम संपवून ते थोड्याच आठवड्यांत वारले. पाठीला डिंक लागलेल्या कार्डाला आजच्या मोजपट्टीवर किती अंक मिळतील, हे सांगायला नकोच.

अर्थात आम्हांलाही धड एक बाजू घेता येत नाही. ग्रंथालयाच्या पुस्तकावर रेघोट्या ओढणाऱ्या विद्यार्थ्याला आम्ही दंड करतो. आणि साठ-सत्तर वर्षांपूर्वीच्या वाचकाने समासात लिहिलेले ‘छे!’ सापडले, की त्याची नक्कल उतरवून घेतो.

मावसभावाने २०२१मध्ये हँक आरनचे १९५७चे कार्ड घेतले. आरन त्याच जानेवारीत निवर्तले होते. हे कार्ड पाठचिकित्सेच्या वर्गात दाखवावे असे आहे. छपाईत निगेटिव्ह उलटी लागली, त्यामुळे उजव्या हाताने खेळणारे आरन त्यावर डावखुरे दिसतात आणि पोशाखावरील ४४ हा आकडा उलटा उमटला आहे. कार्डाच्या पाठीवर त्यांची १९५६पर्यंतची आकडेवारी. मावसभावाच्या प्रतीवर त्या आकडेवारीच्या खाली कोणा मुलाने पेन्सिलीने, कच्च्या अक्षरांत, पुढच्या वर्षाची भर घातली होती: ५७ आणि त्यापुढे ४४. त्या मोसमात आरन यांनी खरोखरच ४४ होमरन मारले. म्हणजे एक संपूर्ण उन्हाळा ते मूल वर्तमानपत्रातले आकडे मोजत राहिले असणार, आणि मोसम संपल्यावर त्याने कंपनीचा मजकूर पुढे लिहून ठेवला. पुढे उलटा छापलेला ४४, मागे सुलटा लिहिलेला ४४. मावसभावाने दोन्ही बाजूंची छायाचित्रे आम्हांला पाठवली, ती आम्ही एम.ए.च्या विद्यार्थ्यांना दाखवली. एका मुलीने विचारले, या प्रतीचे लेखक किती?

एका विक्रेत्याने मावसभावाला सांगितले, की लिखाण असलेले कार्ड पाठवलेस तर अंक घसरेल; पेन्सिलच आहे, मऊ रबराने निघून जाईल. असे खोडणे ही सफाई की फेरफार, यावर संग्राहकांत एकमत नाही. मावसभावाने आम्हांला विचारले. खोडू नकोस, असे आम्ही कळवले. पण मुलीच्या कॉलेजची फी त्याला भरायची होती, आम्हांला नव्हती. त्याने ते खोडले. कार्ड पाच अंक घेऊन परत आले, म्हणजे ‘एक्सलंट’, आणि महिन्याभरात विकले गेले. घेणाऱ्याला त्या ओळीविषयी काही सांगितले का, असे आम्ही विचारले नाही.

ते छायाचित्र आमच्या संगणकात आहे. मागच्या दिवाळीत फोनवर बोलताना मावसभाऊ म्हणाला, की तो पुन्हा ५७चा आरन शोधतो आहे. स्वस्तातला, पेटीत न घातलेला, आणि मागे कोणी काही लिहिलेले असले तरी चालेल.