पात्रांचा हिशेब

कादंबरी ही एका बैठकीत सिद्ध होणारी कलाकृती नव्हे. कविता एखाद्या प्रहरात स्फुरू शकते, लघुकथा आठवड्याभरात पुरी होऊ शकते. परंतु कादंबरीकाराला आपल्या पात्रांच्या सहवासात कित्येक महिने, प्रसंगी कित्येक वर्षे राहावे लागते. या काळात कथेतील माणसे वाढतात, स्थळे बदलतात, धागे एकमेकांत गुंततात. आणि पहिल्या प्रकरणात जे लिहिले, त्याचे विसाव्या प्रकरणात विस्मरण व्हावे, हे मनुष्यस्वभावाला धरूनच आहे.

थोर लेखकही या विस्मरणातून सुटलेले नाहीत. सर्व्हान्टिस या स्पॅनिश लेखकाच्या ‘डॉन क्विझोट’ या कादंबरीचा पहिला भाग १६०५ साली प्रसिद्ध झाला. त्याच्या पहिल्या आवृत्तीत साँचो पाँझा आपले गाढव चोरीस गेले म्हणून हळहळतो. पण ते केव्हा चोरीस गेले, याचा उल्लेखच नाही. पुढे तेच गाढव काही खुलासा न होता त्याच्यापाशी परत दिसू लागते. आर्थर कॉनन डॉईलच्या डॉक्टर वॉटसनला अफगाण युद्धात लागलेली गोळी १८८७ सालच्या कथेत त्याच्या खांद्यात आहे, तर १८९० सालच्या कथेत ती पायात आहे! अशा चुका वाचकाला हसवतात; परंतु त्याच वेळी ‘हे सारे खरे आहे’ या त्याच्या विश्वासाला किंचित तडाही देतात.

म्हणूनच अनेक दक्ष लेखकांनी पात्रांचा हिशेब ठेवण्याच्या आपापल्या रीती शोधून काढल्या. चार्ल्स डिकन्सच्या कादंबऱ्या मासिक हप्त्यांनी निघत. ‘डेव्हिड कॉपरफील्ड’ मे १८४९ ते नोव्हेंबर १८५० या काळात अशीच प्रसिद्ध झाली. प्रत्येक हप्त्यासाठी तो एक कागद घेऊन त्याचे दोन भाग करी. उजव्या भागात प्रकरणांची नावे व त्यांतील घटना लिही. डाव्या भागात स्वतःलाच प्रश्न विचारी. अमुक पात्र या हप्त्यात आणावे काय? तमुक गोष्ट आताच उघड करावी काय? आणि विचारांती त्याच कागदावर ‘होय’, ‘नाही’ किंवा ‘पुढे पाहू’ अशा अर्थाची उत्तरे नोंदवी. फ्रान्समध्ये एमिल झोला याने १८७१ ते १८९३ या काळात एकाच कुटुंबाच्या शाखोपशाखांवर वीस कादंबऱ्या प्रसिद्ध केल्या. त्यासाठी त्याने त्या कुटुंबाचा वंशवृक्ष रचला, आणि प्रत्येक कादंबरीपूर्वी पात्रांची टाचणे, स्थळांची वर्णने व प्रकरणांचे आराखडे तयार केले. ‘जर्मिनाल’ लिहिण्यापूर्वी १८८४ साली तो उत्तर फ्रान्समधील कोळशाच्या खाणीत स्वतः उतरला होता. त्याची ही टाचणे फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयात जपून ठेवलेली आहेत.

आज हेच काम संगणकावर करता येते. कादंबरी लिहिण्याची धडपड करणाऱ्या कीथ ब्लाऊंट या इंग्रज गृहस्थाला उपलब्ध साधने अपुरी वाटली, म्हणून त्याने स्वतःच एक संगणकप्रणाली घडवली. ‘स्क्रिव्हनर’ नावाची ही प्रणाली २००७ साली बाजारात आली. तिच्यात पडद्याच्या एका बाजूस प्रकरणांची यादी असते. प्रत्येक प्रसंगाचे सार लिहिलेली लहान कार्डे फलकावर टाचल्यासारखी दिसतात, आणि कार्डाची जागा बदलली की त्या प्रसंगाचे स्थानही बदलते. प्रत्येक पात्रासाठी वेगळे पान ठेवून त्यावर वय, रूप, नातीगोती व स्वभाव नोंदवता येतो. अशा आणखीही प्रणाली आता निघाल्या आहेत.

या साधनांवर एक आक्षेप असा घेतात, की आराखड्याने प्रतिभेचे पंख कापले जातात. हा आक्षेप टिकणारा नाही. वास्तुशिल्पी नकाशा काढतो, म्हणून मंदिराचे सौंदर्य उणे होत नाही. आणि डिकन्स किंवा झोला यांची प्रतिभा टाचणांनी खुंटली, असे कोणीही म्हणणार नाही. उलट, गोळी खांद्याला लागली की पायाला, हे लक्षात ठेवण्याच्या ओझ्यातून मन मोकळे झाले, तर ते अधिक मोलाच्या विचारात गढून जाऊ शकते.

खरा धोका निराळाच आहे. नोंद म्हणजेच ओळख, असा भ्रम या सोयीतून निर्माण होऊ शकतो. पात्राची उंची, आवडता रंग, खाण्यापिण्याच्या आवडीनिवडी असे रकाने भरता भरता लेखकाला वाटू लागते, की आपण पात्र निर्माण केले. वास्तविक त्याने फक्त एक पान भरलेले असते. हरिभाऊ आपटे यांच्या ‘पण लक्षात कोण घेतो?’ या कादंबरीतील यमूचे वय, माहेर, सासर हे सारे एका कार्डावर मावेल. परंतु वैधव्यानंतर बळजबरीने केशवपन झालेल्या त्या मुलीचे दुःख कोणत्या रकान्यात लिहावे? ते दुःख हरिभाऊंनी भोवतालच्या समाजात डोळे उघडे ठेवून पाहिले, म्हणूनच ते वाचकाच्या काळजाला भिडले.

अलीकडे तर पात्राचे चार गुण सांगताच त्याच्या तोंडचे संभाषणही लिहून देणाऱ्या संगणकप्रणाली उपलब्ध झाल्या आहेत. येथे लेखकाने सावध झाले पाहिजे. डिकन्सच्या कागदावरील प्रश्न यंत्राने जपून ठेवावेत, वेळेवर त्यांची आठवण द्यावी, यात वावगे काही नाही. पण त्यांपुढे ‘होय’ किंवा ‘नाही’ लिहिण्याचा अधिकार ज्याने सोडला, त्याने लेखकपणच सोडले. कारण पात्राला जगवावे की मारावे, क्षमा करावी की शिक्षा द्यावी, हा निर्णय म्हणजेच लेखकाची जीवनदृष्टी होय.

सर्व्हान्टिसचे गाढव हरवले, तरी त्याची कादंबरी चारशे वर्षांहून अधिक काळ वाचली जात आहे. १६१५ साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या भागात त्याने स्वतःच्याच पात्रांना त्या चुकीची चर्चा करायला लावली, आणि तिचा काही दोष मुद्रकाच्या माथी मारून तो मोकळा झाला! साँचो जिवंत होता, म्हणून गाढवाची चूक खपून गेली. ज्या कादंबरीत तपशिलाची एकही चूक नाही, पण एकही माणूस जिवंत नाही, तिला मात्र कोणतीही प्रणाली तारू शकत नाही. विद्यार्थ्यांनी कथा लिहिताना टाचणे अवश्य ठेवावीत, वहीत ठेवावीत किंवा संगणकावर ठेवावीत. परंतु माणसे पाहावीत, ती आपल्याच डोळ्यांनी.