जिवाणूला ऊब कळते

पौषातल्या पहाटे चोरखमाऱ्याच्या तलावाचे पाणी गार असते आणि त्यात हात धुणाऱ्याचे अंग ३७ अंशांवर. हा फरक जिवाणूलाही कळतो. प्लेगचाच जिवाणू घ्या. १८९६ मध्ये तो मुंबईच्या मांडवीत सापडला, पुढच्याच वर्षी त्याने पुणे रिकामे केले. पिसवेच्या पोटात, २६ अंशांच्या आसपास, माणसाला घातक ठरणारी त्याची कितीतरी जनुके गप्प असतात. त्यांना दाबून धरणाऱ्यांपैकी एक म्हणजे यमोए हे इवलेसे प्रथिन. पिसू चावली, जिवाणू उबदार शरीरात शिरला, की त्याच्या स्वतःच्याच पेशीतली विकरे यमोएचे तुकडे करतात. पहारा उठतो. मग एलसीआरएफ नावाचे प्रथिन वाढते आणि आपल्या पांढऱ्या पेशींना निकामी करणारी सुईसारखी यंत्रणा उभी राहते. शिवाय ३७ अंशांना जिवाणूच्या अंगावर एफ१ प्रथिनाचे आवरण चढते, त्यामुळे त्याला गिळणे पांढऱ्या पेशींना जड जाते. डोळे नाहीत, मेंदू नाही, तरी आपण कुठे आलो हे त्याला अचूक उमगते. हे पाहून मला थक्क व्हायला होते आणि भीतीही वाटते. प्लेगच्या नव्या लशींवर काम करणारे शास्त्रज्ञ आज नेमके हेच एफ१ प्रथिन वापरत आहेत.