रस्ता गडाचा की वाडीचा?

पावसाळा सुरू झाला की दर शनिवारी-रविवारी मुंबई, पुणे, नाशिककडून निघालेल्या मोटारींची रांग अकोले तालुक्याच्या डोंगरात शिरते. हरिश्चंद्रगड चढायचा तर पाचनई, रतनगडासाठी रतनवाडी, सांधण दरी पाहायची तर साम्रद. पावसाआधी काजवे चमकू लागले की भंडारदऱ्याच्या परिसरात हीच गर्दी रात्रीची होते. रानातल्या वाटांवर गाड्यांची चाके रुततात, तळ दगडांवर आपटतात आणि शहरात परतलेला पाहुणा मागणी करतो की गडाच्या पायथ्यापर्यंत डांबरी सडक झालीच पाहिजे. त्याला उत्तर देणारा दुसरा पक्षही शहरातलाच असतो. तो म्हणतो, रस्ता कच्चा आहे म्हणून डोंगर शिल्लक आहे. तो कच्चाच राहू द्या.

हा वाद वरवर विकास विरुद्ध निसर्ग असा दिसतो. वस्तुतः तो एकाच वर्गातील दोन आवडींचा वाद आहे. एकाला डोंगर सोयीस्कर हवा, दुसऱ्याला एकांताचा हवा. त्या रस्त्याच्या टोकाला बारा महिने राहणारा महादेव कोळी आणि ठाकर यांच्यापैकी कोणाच्याच हिशेबात नाही. त्याला तो रस्ता गडासाठी नको आहे. दवाखान्यासाठी, रेशनच्या धान्यासाठी, पोरांच्या शाळेसाठी हवा आहे.

या मागणीत किती जीव अडकला आहे हे सांगायला फार दूर जावे लागत नाही. ऑगस्ट २०२२ मध्ये, स्वातंत्र्याच्या अमृतमहोत्सवाचे झेंडे फडकत असताना, मोखाडा तालुक्यातील एका पाड्यावरच्या बाळंतिणीला डोलीत घालून डोंगर उतरवावा लागला. तिची जुळी अर्भके दगावली होती. दर पावसाळ्यात पालघर आणि नंदुरबारच्या डोंगरांतून अशा डोल्यांच्या बातम्या येतात. कच्च्या रस्त्याचे सौंदर्य सांगणाऱ्यांनी या डोलीचा एक दांडा एकदा स्वतःच्या खांद्यावर घेऊन पाहावा.

डोंगरात रस्ता नेता येत नाही, हे म्हणणे इतिहासाला धरून नाही. ज्याला गरज होती त्याचा रस्ता नेहमीच झाला. इंग्रज सरकारला १९२६ साली भंडारदऱ्याचे धरण पुरे करायचे होते, तेव्हा या दुर्गम डोंगरात माणसे, यंत्रे आणि सामान पोचले. त्या धरणाने अडवलेले प्रवरेचे पाणी खालच्या उसाला मिळाले. वरच्या वाड्यांच्या वाट्याला उन्हाळ्यातली पायपीट आली. जंगलातील लाकूड बाहेर काढायचे होते तेथे खात्याने गाडीवाटा पाडल्या. त्या लाकडाच्या सोयीने आखल्या होत्या, माणसांच्या नव्हे. १९८६ साली कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य जाहीर झाले आणि सुमारे ३६२ चौरस किलोमीटरच्या या मुलखात वाडीच्या रस्त्यापुढे आणखी एक परवानगी उभी राहिली. १८४८ साली फासावर गेलेल्या राघोजी भांगरेचा हा मुलूख. सावकार आणि सरकार या दोघांशी तो झगडला. आज त्याच्या वारसांपुढे खाते आणि कंत्राटदार अशी जोडी उभी आहे.

योजना आहेत, पण त्यांच्या चाळणीतून लहान वाडी खाली गळून पडते. २००० साली सुरू झालेल्या पंतप्रधान ग्रामसडक योजनेत आदिवासी अनुसूचित क्षेत्रासाठी अट ठेवली ती २५० लोकवस्तीची. चाळीस घरांच्या वाडीत इतकी माणसे आणायची कोठून? शिवाय अडचण सांगताना प्रत्येक वेळी वनकायद्याकडे बोट दाखवले जाते.

हे बोट दाखवणे बहुतांशी खोटे आहे, आणि आपल्या कार्यकर्त्यांनी हे नीट समजून घेतले पाहिजे. वनहक्क कायदा, २००६ च्या कलम ३(२) मध्ये शाळा, दवाखाना, अंगणवाडी, पाणीपुरवठा अशा तेरा सोयींसाठी वनजमीन देण्याची तरतूद आहे आणि त्या तेरांत रस्ता आहे. अटी तीन. प्रत्येक कामासाठी जमीन एक हेक्टरहून कमी असावी, हेक्टरी पंचाहत्तरपेक्षा अधिक झाडे पडू नयेत आणि ग्रामसभेची शिफारस असावी. पाच मीटर रुंदी धरली तर जवळजवळ दोन किलोमीटरचा रस्ता या मर्यादेत बसतो. अनेक वाड्यांचा प्रश्न तेवढ्याच अंतराचा असतो. यासाठी प्रकरण दिल्लीला जावे लागत नाही; विभागीय वन अधिकाऱ्याच्या पातळीवर मंजुरी मिळू शकते.

आता याच्या शेजारी दुसरा कायदा ठेवून पाहा. १९८० च्या वनसंवर्धन कायद्यात २०२३ साली दुरुस्ती झाली आणि आराखड्यात समाविष्ट असलेल्या पर्यावरण-पर्यटनाच्या सोयी ‘वनेतर वापर’ या व्याख्येतूनच वगळल्या गेल्या. म्हणजे पाहुण्याच्या सोयीसाठी कायद्याची व्याख्या बदलली गेली आणि रहिवाशाच्या हक्काचे कलम मात्र कचेरीच्या कपाटात पडून राहिले. राज्य कोणाचे आहे हे कळण्यासाठी आणखी कोणता पुरावा हवा?

म्हणून ‘रस्ता द्या’ एवढीच घोषणा अपुरी आहे. रस्त्याच्या नावाने डोंगर कापण्याचा धंदा आपल्याला नको. घाटमाथ्यावरचा पाऊस भयंकर. त्यात घाईने उभा कापलेला उतार आणि मोरी नसलेला रस्ता पहिल्याच पावसात ओढा बनतो. पुढच्या वर्षी तेच काम, तेच कंत्राट. ३० जुलै २०१४ रोजी माळीण गाव डोंगराखाली गाडले गेले आणि दीडशेवर माणसे गेली. त्या दुर्घटनेच्या कारणांविषयी मतभेद असतील. पण डोंगराच्या उताराशी खेळू नये हा धडा निर्विवाद आहे. बाजूचे चर, मोऱ्या, ओढ्यावरची फरशी आणि नीट दाबलेली खडी असलेला अरुंद रस्ता वाडीला पुरेसा आहे. दोन बसगाड्या समोरासमोर जाव्यात एवढी रुंदी मागतो तो पायथ्याशी जमीन घेऊन ठेवलेला हॉटेलवाला.

या मालकांच्या अर्जावर गावकऱ्यांचे अंगठे असतात आणि कधी कधी आपल्या कार्यकर्त्यांच्या सह्याही. हे आता थांबले पाहिजे. अर्ज कोणाचा, रस्ता कोठे थांबणार आणि लगतची जमीन कोणाच्या नावावर आहे, हे तीन प्रश्न विचारल्याशिवाय कोणत्याही निवेदनावर सही करू नये.

आपली मागणी स्पष्ट असावी. पहिला हक्क वाडीचा: प्रत्येक वाडीपर्यंत बारमाही रस्ता, कलम ३(२) खाली, ग्रामसभेच्या ठरावाने. दुसरे, पाहुण्यांच्या गाड्या गावाशीच थांबतील. पुढची वाट पायांची राहील. तिसरे, वाहनतळ, प्रवेशशुल्क आणि वाटाड्याचे काम ग्रामसभेच्या हाती असेल आणि त्या पैशातून प्रथम रस्त्याची डागडुजी होईल. हे स्वप्नरंजन नव्हे. गडचिरोलीच्या मेंढा-लेखाने २००९ साली सामूहिक वनहक्क मिळवला आणि जंगलाचा कारभार ग्रामसभा करू शकते हे दाखवून दिले. बांबूचा कारभार करणारी ग्रामसभा वाहनतळाचा करू शकत नाही काय?

डोंगरावर प्रेम करणाऱ्या शहरी मित्रांशी आपले वैर नाही. त्यांच्यातले पुष्कळ आपलेच साथी आहेत. त्यांना एवढेच सांगायचे की गडाची वाट वाडीतून जाते. वाडीत थांबा, भाकरीचे पैसे मोजा, आणि तिचा ठराव तालुक्याच्या कचेरीत धूळ खात पडला असेल तर त्याचा पाठपुरावा करा.

पुढच्या ग्रामसभेपूर्वी आपापल्या तालुक्यातील रस्ता नसलेल्या वाड्यांची यादी करा, अंतर मोजा, कलम ३(२) चा ठराव लिहून न्या. पावसाळ्याच्या तोंडावर रस्ता मागून भागत नाही. डोली उचलण्याची वेळ येण्यापूर्वीच तो मिळवावा लागतो.