बल्ब बदलावा, पण तास मोजून

भोकरदन तालुक्यातल्या केदारखेड्यासारख्या गावात वीजबचत म्हटले की आधी एलईडी बल्बचे नाव निघते, आणि ते रास्तच आहे. जानेवारी २०१५ मध्ये उजाला योजना आली. बल्बची खरेदी एवढी मोठी झाली की २०१४ साली ३१० रुपयांना पडणारा बल्ब २०१६ मध्ये सरकारला ३८ रुपयांत मिळू लागला. साठ वॅटचा पिवळा बल्ब रोज पाच तास जळाला तर महिन्याला नऊ युनिट खातो. जवळजवळ तेवढाच उजेड देणारा नऊ वॅटचा एलईडी दीड युनिटाच्या आतच राहतो.

त्यात महावितरणच्या घरगुती दराचे टप्पे लक्षात घ्यावेत. शंभर युनिटांच्या पुढचे युनिट पहिल्या शंभरातल्या युनिटापेक्षा जवळपास दुप्पट महाग पडते. वाचलेले युनिट आधी या महागड्या टप्प्यातून कमी होते. त्यामुळे एकशेवीस युनिट जाळणाऱ्या घराला वीस युनिटांची बचत चांगलीच जाणवते. साठ-सत्तर युनिटांत भागवणाऱ्या घराचे बिल मात्र त्या मानाने कमी उतरते, शिवाय स्थिर आकार सुटत नाही तो नाहीच.

म्हणून सगळे दिवे एकदम बदला, हा सल्ला आम्हाला पटत नाही. न्हाणीघरातला बल्ब दिवसाकाठी अर्धा तासही जळत नाही. तो उडाल्यावर बदलला तरी चालेल. देवघरातला झिरो बल्ब मात्र आजच बदलावा. नावाला झिरो, पण जुना असेल तर बारा ते पंधरा वॅटचा असतो आणि रात्रंदिवस चालू राहिला तर महिन्याला दहा युनिटांच्या आसपास खातो, म्हणजे बैठकीतल्या एलईडीच्या कितीतरी पट. त्या जागी अर्ध्या वॅटचा एलईडी पुरतो.

एलईडी टिकत नाहीत, ही तक्रारही खोटी नाही. खेड्यात व्होल्टेज कमी-जास्त होते आणि स्वस्त बल्बातले सर्किट ते सोसत नाही. सहा महिन्यांत बल्ब गेला तर बचतीचा बराच भाग नव्या बल्बातच जातो. म्हणून आयएसआय किंवा बीआयएस नोंदणीची खूण आणि वॉरंटी पाहून, पक्की पावती घेऊनच बल्ब घ्यावा. चार पैसे जास्त गेले तरी चालतील.

दिवे झाले की नजर पंख्याकडे वळवावी. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात ७५ वॅटचा पंखा पंधरा तास फिरला तर महिन्याला ३३-३४ युनिट जातात. बीएलडीसी पंखा साधारण तीस वॅटवर चालतो. तो महाग आहे, त्यामुळे चालता पंखा काढून नवा घेण्याची घाई नको. पण जुना जळाला तर रिवाइंडिंगला टाकण्याआधी हा हिशेब जरूर करावा.

दुकानात जाण्याआधी मागच्या बारा महिन्यांची बिले काढा, कोणत्या महिन्यांत शंभरी ओलांडली ते पाहा, आणि घरात सर्वांत जास्त तास चालणाऱ्या वस्तूपासून सुरुवात करा.