उभयतांचा उन्हाळी प्रवास

मुलानें व सुनेनें दोघांनींच प्रवासास जाणें म्हणजे पैशाची उधळपट्टी, असें अद्यापि पुष्कळ वडीलधाऱ्यांस वाटतें. आमचें मत निराळें आहे. शिरपूरचेंच उदाहरण घ्या. मुंबई-आग्रा व अंकलेश्वर-बऱ्हाणपूर हे दोन हमरस्ते येथें मिळतात. घरची मोटार घेऊन पहांटे निघावें आणि चोपडा, यावल, रावेर या मार्गानें ऊन तापण्यापूर्वीं बऱ्हाणपूर गांठावें. मुमताजमहल १६३१ सालीं निवर्तली, ती याच शहरीं. पुढें मेळघाट. १९७३ सालच्या व्याघ्रप्रकल्पांतील पहिल्या नऊ अरण्यांपैकीं हें एक. गुगामल राष्ट्रीय उद्यान त्याच्याच पोटांत आहे. वैशाखांत सागाचीं पानें गळून रान मोकळें होतें व जनावरें उरल्यासुरल्या पाणवठ्यांवर येतात. म्हणजे उन्हाळा येथें अडचण नसून सोयच आहे. परततांना महेश्वरीं अहिल्याबाईंचा घाट पाहून सेंधव्यावरून घरीं यावें.

खर्च राखावयाचा तर मुक्काम मोजकेच करावे, वनविभागाच्या विश्रामगृहाची मागणी आगाऊ नोंदवावी, सफारीच्या गाडीचें भाडें दुसऱ्या कुटुंबासमवेत वांटून घ्यावें. दशम्या व शेंगदाण्याची चटणी घरूनच न्यावी. एकत्र कुटुंबाची सर्वांत मोठी सोय मात्र वेगळीच: मुलें आजीजवळ निर्धास्त राहतात. वर्षभर साऱ्यांचीं ताटें सांभाळणाऱ्या सुनेस चार दिवस त्या चिंतेवांचून काढूं देणें हें घराचें देणेंच आहे. पुढील वर्षीं धाकट्या जावेची पाळी यावी, आणि तेव्हां मुलें थोरलीनें सांभाळावीं.